प्रचंड दाबाखाली धातू फक्त चपटा होतो की आतूनही बदलतो?

प्रश्न नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या प्रेस शॉपमधला दिसतोय: पॉवर प्रेसखाली पत्रा फक्त वाकतो, मग याहून जास्त दाबाने वेगळं काय होणार?

बरंच काही. प्रेसमध्ये अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून आकार बदलतो. धातू तोच राहतो. लोखंडावर चहूबाजूंनी 10 हजार वातावरणांइतका (1 वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा दाब) दाब दिला तरी त्याचं आकारमान एक टक्काही घटत नाही. पण साधारण 1.3 लाख वातावरणांपाशी अणूंची मांडणीच बदलते, जास्त दाट होते, आणि लोहचुंबकत्व जातं. मग चुंबक त्याला ओढणार नाही. पृथ्वीच्या केंद्रात दाब सुमारे 36 लाख वातावरणं आहे. म्हणूनच तिथलं लोखंड 5000 अंशांच्या वर तापूनही घन आहे.

माझ्या मते खरा चक्रम धातू सोडियम. दाब वाढवला की आधी त्याचा वितळबिंदू चढतो, मग उलटा घसरतो आणि 12 लाख वातावरणांच्या आसपास खोलीच्या तापमानाला येतो. 20 लाखांच्या पुढे तर तो पारदर्शक होतो आणि वीज वाहून नेणं सोडतो (2009 मधला प्रयोग). अणू इतके जवळ येतात की बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना मोकळं फिरता येत नाही, ते अणूंमधल्या फटींत अडकतात.

हे प्रयोग दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये केसाहून बारीक नमुना दाबून करतात. टनेज, म्हणजे एकूण जोर, मोठं नसतं. क्षेत्रफळ इवलंसं असतं, म्हणून दाब प्रचंड. नाशिकच्याच अंबड वसाहतीतल्या कुठल्याही डायला (प्रेसच्या साच्याला) हे झेपणार नाही.