नोकरी सांभाळून एकाच आठवड्यात सवाईचं गाणं आणि कबड्डीचे सामने, दोन्ही प्रत्यक्ष बघणं जमतं का?

जमतं, पण सगळं बघायचा हट्ट सोडलात तरच.

तुम्ही लिहिलंय की नागपूरहून बदली होऊन पुण्यात आलात, ऑफिस हिंजवडीला आहे, आई सोबत असतात. त्यांना गाण्याची ओढ, तुम्हाला कबड्डीची. डिसेंबरात दोन्ही एकाच आठवड्यात आलं तर रोज थोडं इथं आणि थोडं तिथं बघावं, की एकच काहीतरी धरावं, असा तुमचा प्रश्न आहे.

असा आठवडा मी २०२४ च्या डिसेंबरात काढलाय. सत्तरावा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव १८ ते २२ डिसेंबरला होता, मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात. आणि प्रो कबड्डीचा पुण्यातला साखळी टप्पा ३ ते २४ डिसेंबर, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलातल्या बॅडमिंटन हॉलमध्ये. सवाई दुपारी तीनच्या सुमारास सुरू होतो आणि रात्री दहाला थांबतो. कबड्डीचे सामने त्या मोसमात रात्री आठला आणि नऊला असायचे. तीन ते सहा गाणं ऐकून आठला बालेवाडी गाठता येईल असं कागदावर वाटतं. तसं करू नका. हवं तर एक अख्खी संध्याकाळ सोडून द्या, पण जिथं जाल तिथं पहिल्यापासून शेवटपर्यंत बसा. पूर्ण ऐकलेली एक मैफल आणि पूर्ण बघितलेला एक सामना यांची सर धावतपळत गाठलेल्या पाच कार्यक्रमांना येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी गाण्याचं सांगतो. एक कलाकार उठतो आणि दुसरा बसतो त्या मधल्या वेळात निम्मा मंडप खाण्याच्या स्टॉलकडे जातो. तुम्ही बसून राहा, आणि जमलं तर तेवढ्यात पुढे सरका. तबलजी तबल्याच्या गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणीवर, हातोडीचे हलके ठोके देत, कडेच्या एकेका घरापाशी बोट ठेवून सूर तपासत असतात. मागे कुणी शिष्य तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवत असतो. आधी तार नुसती वाजते. दोरा नेमक्या जागी आला की तोच स्वर एकदम खुलतो, लांबतो आणि मंडपभर पसरतो. तो षड्ज, म्हणजे सा, कानात बसला की पुढचा तासभर तुम्ही त्याच्याच आधारानं ऐकता.

मग विलंबित ख्याल, म्हणजे संथ लयीतलं गाणं. पहिली दहा-पंधरा मिनिटं गायक मंद्र आणि मध्य, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकातल्या मोजक्या स्वरांत फिरतो, मुखडा घेऊन समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो, पुन्हा निघतो. तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या अगदी जवळ, निषादापर्यंत जातो आणि परत फिरतो. हे दोन-तीनदा झालं की ऐकणाराही तिथं पोचायला आतुर होतो. शेवटी तो षड्ज लागतो आणि मंडपातून दाद उठते. तुम्ही उशिरा येऊन द्रुतातल्या, जलद लयीतल्या ताना ऐकल्यात तर त्या आवडतीलच. पण ती दाद का उठली हे कळणार नाही, कारण तो स्वर किती वेळ राखून ठेवला होता ते तुम्ही ऐकलेलंच नसेल.

नोकरी करणाऱ्यांचं खरं नुकसान वेगळंच होतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ऑफिस सुटल्यावर, सात-साडेसातला पोचणाऱ्याला दुपारचे राग कधीच मिळत नाहीत. भीमपलासी, मुलतानी, पटदीप, मधुवंती हे सगळं तीन ते सहाच्या आत होऊन जातं. पूर्वी रमणबागेच्या मैदानावर सवाई रात्रभर चालायचा, तेव्हा उत्तररात्रीचे आणि पहाटेचे रागही त्यांच्या वेळेला ऐकायला मिळत. ध्वनिक्षेपकाच्या दहाच्या मर्यादेनंतर ते गेलं. आता बहुधा शनिवारी एकच दिवस बारापर्यंत परवानगी असते. घरातल्या मोठ्यांकडून त्या रात्रींबद्दल ऐकलंय, पहाटे भीमसेनजी गायला बसायचे आणि महोत्सव संपायचा. मला याची हळहळ वाटते आणि ती कमी होत नाही. म्हणून जे शिल्लक आहे ते तरी सोडू नका. बुधवार किंवा गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाका आणि तीनच्या आधी जागेवर असा. पहिल्या सत्रात बऱ्याचदा तरुण कलाकार असतात. १९५३ साली भीमसेनजींनी गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी सुरू केलेल्या या मंचावर पहिल्यांदा बसायचं म्हणजे काय, ते त्यांच्या गाण्यात ऐकू येतं.

२०२४ चा आठवडा आणखी एका कारणानं वेगळा होता. १५ डिसेंबरला तबलावादक झाकीरभाई (झाकीर हुसेन) गेले आणि तीन दिवसांनी सवाई सुरू झाला. त्याच वर्षी जानेवारीत आधी गायक राशीद खाँसाहेब आणि पाठोपाठ गायिका प्रभाताई अत्रे गेल्या होत्या. इतकी वर्षं महोत्सवाचा समारोप प्रभाताईंच्या गाण्यानं व्हायचा. रांगेत, चहापाशी, आजूबाजूच्या खुर्च्यांवर हेच बोलणं चाललेलं. त्या पाच दिवसांत मी तबला एरवीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकला, आणि सोलोपेक्षा साथीतला ठेका. विलंबित एकतालात दोन मात्रांमध्ये केवढं अंतर असतं! ते भरून न टाकता नुसतं सांभाळून धरणाऱ्या तबलजीबद्दल मला फार आदर वाटतो.

आता तुमची कबड्डी. हिंजवडीहून बालेवाडी जवळ, त्यामुळे कामाच्या दिवशीची संध्याकाळ कबड्डीला द्या. हॉलमध्ये बसण्याचा फायदा असा की नजर कुठं ठेवायची ते तुम्ही ठरवता. टीव्हीचा कॅमेरा चढाईपटूच्या मागे धावतो. मी हॉलमध्ये कोपरारक्षकाचे, म्हणजे कोपऱ्यातल्या बचावपटूचे, पाय बघत बसतो. तो शेजाऱ्याचा हात धरून साखळीत उभा असतो, वजन चवड्यांवर. चढाईपटू दुसऱ्या बाजूला झुकला की हा अर्धं पाऊल पुढं येतो, तो वळला की तेवढंच मागं. पंधरा-वीस सेकंद असंच चालतं. मग चढाईपटूचा पाय बोनस रेषेकडे जातो आणि त्याच क्षणी घोटा पकडला जातो. टीव्हीवर तुम्हाला फक्त ती पकड दिसते, तिच्या आधीचं अर्धं पाऊल दिसत नाही.

सामना चाळीस मिनिटांचा, त्यामुळे पूर्ण बसा असं सांगायची गरज नाही असं वाटेल. पण दुसरा सामना अर्धा टाकून पार्किंगकडे पळणारे खूप असतात. बाद झालेले गडी ज्या क्रमानं बाद झाले त्याच क्रमानं परत येतात. मुख्य चढाईपटू चौथा बाद झाला असेल तर त्याला आत आणायला आधीचे तिघे जिवंत व्हावे लागतात. समोर सहा-सात बचावपटू असतील तरच बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, मिळतो. मैदानात तीन किंवा कमी गडी उरलेल्या संघानं पकड केली की तिला दोन गुण. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा, नाहीतर चढाईपटू बाद. हे सगळे हिशेब एकमेकांत गुंतलेले असतात. बाकावर कोण कितव्या क्रमांकावर बसलाय हे ज्यानं पहिल्यापासून बघितलंय, त्याला शेवटच्या तीन मिनिटांत प्रशिक्षक हातानं काय खुणावतोय ते कळतं. आपला संघ एका गुणानं पुढं आहे, दोनच गडी उरलेत, लोण (सगळा संघ बाद होणं) समोर दिसतोय आणि समोरचा चढाईपटू आत शिरतोय. अशा वेळी अख्खा हॉल उभा राहून ओरडत असतो, आणि तुम्हाला मात्र दिसतं की आता पकड साधली तर सामना हातात राहिला.

पुण्याचा संघ, पुणेरी पलटण, तेव्हा गतविजेता होता. १ मार्च २०२४ ला हैदराबादच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ नं हरवून त्यांनी पहिलं विजेतेपद मिळवलेलं. डिसेंबरात घरच्या मैदानावर मात्र चित्र वेगळं होतं. कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीनं बाहेर होता आणि संघ बाद फेरीतही पोचला नाही. २९ डिसेंबरला बालेवाडीतच हरियाणानं पाटणा पायरेट्सला हरवून करंडक नेला. त्याचं दुःख झालंच. तरी ज्या हॉलमध्ये वर्षभर बॅडमिंटन चालतं तिथं कबड्डीसाठी माणसं रांगा लावतात, हे बघून मला अभिमान वाटतो. माझ्या लहानपणी हा खेळ मंडळाच्या मैदानात मातीवर चालायचा. चढाई करणाऱ्यांचे गुडघे सोललेले असायचे आणि बघणारे दोरीला टेकून उभे.

हे दोन्ही दरवर्षी जुळतंच असं नाही. २०२५ चा प्रो कबड्डीचा मोसम ऑगस्टअखेर सुरू होऊन ऑक्टोबरात संपला आणि पुण्यात सामने नव्हतेच. म्हणून आधी दोन्हींच्या तारखा बघा, मगच रजा टाका. सामने पुण्यात नसतील तर हिवाळ्यात मंडळांच्या स्पर्धा भरतात, त्या शोधा. तिथं खेळाडू हाताच्या अंतरावरून बघायला मिळतात.

माझा आठवडा साधारण असा होता: मंगळवारी कबड्डी, बुधवारी अर्धी रजा आणि सवाई, गुरुवारी ऑफिस आणि रात्री कबड्डी, शुक्रवारी काहीच नाही, शनिवार-रविवार पूर्ण सवाई. शुक्रवारी मंडपात कोण गाणार हे माहीत असूनही घरी थांबलो आणि लवकर झोपलो. शनिवारी बारापर्यंत ताजं राहायचं असेल तर हे लागतं. थकलेल्या कानाला विलंबित लांबलेलं वाटतं.

प्रवासाबद्दल थोडक्यात. मुकुंदनगरला गाडी नेऊ नका. मेट्रोनं स्वारगेटला उतरा, तिथून रिक्षा. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र आधी बघून ठेवा, शनिवारी बारानंतर ती मिळणार नाही. शाल घ्या, मंडप वरून झाकलेला असला तरी रात्री नऊनंतर गारठा पायांतून चढतो. बालेवाडीला उलट हॉलमध्ये उकडतं.

आईंसाठी भारतीय बैठकीचं तिकीट काढू नका, खुर्चीचंच काढा. पाच-सहा तास जमिनीवर बसून पाठ आणि गुडघे धरतात, आणि मग लक्ष गाण्यावर राहत नाही. त्यांना सगळ्या दिवसांचं तिकीट हवं असेल तर घ्या, पण रोज न्यायचा आग्रह धरू नका. महोत्सवाच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात ‘षड्ज’ आणि ‘अंतरंग’ हे कार्यक्रम असतात, कलाकारांवरचे माहितीपट आणि गप्पा. तिथं गर्दी कमी असते, बसायला सोयीचं आहे, ते त्यांना आवडेल. आणि एकच दिवस नेता येत असेल तर रविवारी न्या. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे एरवी न मिळणारे, भर दुपारच्या सारंग रागाचे प्रकार कानावर पडण्याची शक्यता असते. मध्ये तासभर त्यांना बाहेर मोकळं फिरवून आणा, पण समारोपाला जागेवर परत या. सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातली भैरवी लावतात. ती होईपर्यंत कुणी उठत नाही, तुम्हीही आईंना घाई करू नका. रिक्षा त्यानंतर बोलावली तरी मिळते.