आवाज गोड आहे, म्हणून बीए सोडायचं?

गोव्यातल्या साखळीहून एका आईचं पत्र आहे: ‘माझं लहानपण पणजी आकाशवाणी ऐकत गेलं. निवेदिका व्हायचं मनातच राहिलं. मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे, आवाज गोड आहे. कॉलेज सोडून तिला मुंबईला आरजेच्या कोर्सला पाठवू का?’

ताई, नको. आकाशवाणीच्या कॅज्युअल अनाउन्सरच्या, म्हणजे गरजेपुरतं बोलावल्या जाणाऱ्या निवेदिकेच्या जाहिरातीत बहुतेक वेळा पदवी मागतात. मग लेखी परीक्षा, स्वरचाचणी, ‘वाणी’ हा छोटा अभ्यासक्रम, आणि त्यानंतर नाव पॅनेलवर, म्हणजे बोलावायच्या यादीत. तेवढं होऊनही महिन्याला साधारण सहाच ड्युट्या मिळतात. त्यावर घर चालत नाही, म्हणून सोबत दुसरं काम धरूनच चालायचं. ‘युववाणी’ या आकाशवाणीच्या तरुणांच्या कार्यक्रमासाठी मात्र ती आजही वयात बसते. पणजीत आल्तिनोला आकाशवाणी केंद्रात जाऊन स्वरचाचणी कधी आहे ते विचारून यावं.

आता गोड आवाजाबद्दल. चाचणीत मुली नापास होतात त्या आवाजामुळे क्वचितच, वाचनामुळे जास्त. ‘माझा’ आणि ‘माझी’ यांतला झ वेगळा, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा. कोकणीतही हा भेद आहे, त्यामुळे आपल्या कानाला तो परका नाही. पण इंग्रजी माध्यमातलं मूल कागद समोर आला की सगळे च एकाच साच्यातून काढतं. दुसरं म्हणजे आपला हेल. वाक्य संपताना सूर वर चढतो आणि पूर्णविराम प्रश्नचिन्हासारखा ऐकू येतो. बोलताना तो लोभस वाटतो, निवेदनात खटकतो.

घरी रोज वीस मिनिटं पुरेत. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसायचं, म्हणजे खोली घुमत नाही. मोबाईल तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला ठेवायचा. अगदी समोर धरला तर प, फ, भ म्हणताना हवेचा भपकारा माईकवर आदळतो. कागद एकाच बाजूने लिहिलेला, स्टेपल न केलेला. वाक्य पानाच्या तळाशी तुटलं, तर पान उलटताना श्वासही तुटतो आणि सळसळ ऐकू जाते.

मग चाळीस शब्दांची उद्घोषणा लिहून ती वीस सेकंदांत वाचायची. जमली की तीच पंधरा सेकंदांत बसवायची, वेग न वाढवता, शब्द काढून. बातम्या सातला म्हणजे सातलाच लागतात. गाणं लवकर संपलं तर उरलेले सेकंद निवेदिकेनेच भरायचे असतात. म्हणून पल्लेदार आवाजापेक्षा घड्याळ सांभाळणारी मुलगी केंद्राला जास्त उपयोगी. कोर्समध्ये माईक आणि मिक्सर शिकवतील, शब्द काढायचं बहुधा शिकवणार नाहीत.

कॉलेज चालू असताना कालोत्सव, गणेशोत्सव, नाट्यस्पर्धा, जिथे मिळेल तिथे तिने सूत्रसंचालन करावं. मराठी आणि कोकणी दोन्ही सफाईने बोलणाऱ्याला गोव्यात काम जास्त मिळतं.

एक मात्र तुमच्या पत्रात सापडलं नाही: ती स्वतः रेडिओ ऐकते का? तीन आठवडे रोज अर्धा तास वही घेऊन ऐकायला सांगा. निवेदिकेने गाण्याआधी काय सांगितलं, काय गाळलं, एवढंच लिहायचं. ती कंटाळली, तर यंदाच्या गणेशोत्सवात माईक तुम्हीच घ्या.