पाडाव म्हणजे मुक्काम नव्हे

ताई, मंडळाच्या सहलीच्या पत्रकात ‘दुसरा पाडाव : ओरछा’ असं छापलंय, ते चालेल का, असं तुम्ही विचारलंत. अजिबात चालणार नाही. ग्वाल्हेरच्या मराठीत हे इतकं ऐकू येतं की आता राग येतो. पाडाव होणं म्हणजे शत्रूच्या हाती सापडणं.

हिंदीतला ‘पड़ाव’ म्हणजे तळ. आपल्या ग्वाल्हेर स्टेशनजवळचा पड़ाव तोच. मराठीत त्याला मुक्काम म्हणा, तळ म्हणा. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ जिथे पडला, त्या वस्तीचं नावच लष्कर झालं.

खरी गंमत पुढे आहे. सैन्य पडतं, म्हणजे उतरतं, तो पड़ाव. दुसऱ्याला पाडून जे हाती येतं तो पाडाव. धातू एकच, फरक एका कान्याचा! म्हणून पाडाव म्हणजे नुसता पराभव, असं सांगणाऱ्या जाणकारांशी माझं मुळीच पटत नाही. क्रिकेटच्या बातम्यांत तो अर्थ रुळलेला दिसतो. बखरींत हत्ती-घोडे पाडाव होतात. घोड्याचा पराभव कसा होईल? प्रतापगडाच्या युद्धानंतर हाती आलेल्या पाडावाची, शिवाजी महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने मोजदादच दिली आहे: ६५ हत्ती, ४ हजार घोडे, १२०० उंट.

लूट ज्याच्या हाती पडेल त्याची, पाडाव मात्र दौलतीचा, असं मला वाटतं. शिवाजी महाराजांचा दंडक तसाच होता. मुलूखगिरीत बायका-पोरं धरायची नाहीत, गाय धरायची नाही, बैल फक्त ओझ्यापुरता. स्वारीहून परतलेल्या लष्कराचा सरहद्दीवरच झाडा, म्हणजे सामानाची तपासणी, घ्यायचा. जाताना प्रत्येकाजवळ काय होतं याची नोंद असे. पडशी उलटी करून झाडली आणि त्यापेक्षा काही जास्त निघालं, तर त्याची किंमत पगारातून वळती. फार मोलाची चीज असेल तर ती थेट दिवाणात, म्हणजे सरकारजमा.

आणि इथेच आणखी एक शब्द सापडतो! झाडणे वरून झाडा, झडणे वरून झडती, दोन्ही मिळून झाडाझडती. जे पडणे-पाडणेचं, तेच झडणे-झाडणेचं. हल्ली साहेबाने कारकुनाला झापलं तरी त्याला झाडाझडती म्हणतात. झापणं कुठे आणि पै-पैचा हिशेब देणं कुठे!

पाडाव डोळ्यांनी पाहायचा असेल तर नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जा. तिथल्या मोठ्या घंटेवर १७२१ हे इसवी सन कोरलेलं आहे. घंटा पोर्तुगीज घडणीची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा ती आली, असं परंपरा सांगते. परक्यांच्या ओतकामाचा हा नमुना कुणी वितळवला नाही, देवापुढे टांगला. खणखणीत आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, ती हीच.

पत्रक पुन्हा छापायचं असेल तर ‘दुसरा मुक्काम : ओरछा’ असं करा. मुद्रितं मी तपासून देईन.