मशीन घेतलं, पण सासरे घालतच नाहीत

प्रश्न: माझे सासरे ७३ वर्षांचे आहेत, साताऱ्यात आमच्यासोबतच राहतात. मागच्या महिन्यात दोन्ही कानांना मशीन घेतलं. दोन-तीन दिवस घातलं आणि आता ते ड्रॉवरमध्ये. म्हणतात भांडं वाजलं की डोक्यात जातं, स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा येतो, आणि चार माणसं बसली की तरीही काही कळत नाही. हे चिडतात, एवढे पैसे घातले म्हणून. काय करू?

उत्तर: ताई, आधी ह्यांना सांगा की बाबा हट्ट करत नाहीयेत, त्यांना जे होतंय ते अगदी खरं आहे. वयानुसार ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, फ, थ असे. म्हणून ‘साठ’चं ‘आठ’ ऐकू येतं आणि माणूस म्हणतो, आवाज येतोय पण शब्द कळत नाही. असं वर्षानुवर्षं चाललेलं असतं, मेंदूला त्या शांततेची सवय झालेली असते, आणि एके दिवशी मशीन लावल्यावर स्टीलची भांडी, पंखा, नळ, पेपरची सळसळ सगळं एकदम अंगावर येतं. कुठला आवाज महत्त्वाचा आणि कुठला सोडून द्यायचा हे मेंदू परत शिकतो, पण त्याला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात, आणि मशीन ड्रॉवरमध्ये असेल तर तो शिकणारच नाही.

सुरुवात घरातल्या शांत वेळेपासून करा. सकाळी एक-दोन तास, एकाच माणसाशी गप्पा. पेपर मोठ्याने वाचायला सांगा, त्याने स्वतःच्या आवाजाची सवय होते. मग हळूहळू तास वाढवा. लग्नाचा हॉल, ढोल-ताशा हे सगळ्यात शेवटी, पहिल्याच आठवड्यात तिकडे नेलं तर माणूस मशीनचं नावच काढत नाही.

पण सगळंच सवयीवर ढकलू नका हं. आवाज घुमतो त्याला बऱ्याचदा मशीनची कानात बसणारी रबरी टोपी (डोम) किंवा कानाच्या मापाचा साचा (मोल्ड) जास्त बंद असणं हे कारण असतं, तो बदलता येतो. भांड्यांचा आवाज टोचत असेल तर मोठ्या आवाजांची मर्यादा कॉम्प्युटरवर खाली आणता येते. म्हणून कुठला आवाज, कुठे, कधी त्रास देतो हे वहीत लिहा आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासून मशीन लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, परत जा. दोन-चार वेळा सेटिंग करून घेणं हा उपचाराचाच भाग आहे, जाताना संकोच करू नका. कान दुखत असेल किंवा सोललं असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

आणि घरच्यांनीही थोडं बदलायला हवं, हे मला मनापासून सांगायचंय. स्वयंपाकघरातून ओरडून बोलू नका, ओरडल्यावर शब्द उलट फाटतात. आधी हाक मारा, समोर या, मग सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य मोठ्याने नको, वेगळ्या शब्दांत सांगा. टीव्ही चालू असताना महत्त्वाचं बोलू नका. चारचौघांत बाबांना अशी जागा द्या की गोंगाट पाठीमागे राहील आणि बोलणारा समोर, बऱ्याच मशीन समोरचा आवाज जास्त पकडतात. आणि ‘जाऊ दे, काही नाही’ असं त्यांना कधीच म्हणू नका, त्याने माणूस बोलायचंच सोडून देतो.

प्रश्न: आईचं मशीन पावसाळ्यात सारखं बंद पडतं, कधी शिट्टीही वाजते. आम्ही रत्नागिरीला असतो.

उत्तर: कोकणातली दमट हवा हे मोठं कारण असू शकतं. रात्री मशीन पुसून, सेलचं झाकण उघडं ठेवून सिलिका जेलच्या डबीत ठेवा. ऊन किंवा हेअर ड्रायर अजिबात नको. नवीन सेलचं स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवा, हवा लागल्यावरच तो सुरू होतो. शिट्टी वाजते म्हणजे बहुतेक मशीन कानात नीट बसलेलं नाही किंवा कानात मळ साठलाय. मळ घरी काडीने काढू नका, डॉक्टरकडून काढून घ्या.