हार्बर: रोज कानावर पडणारा शब्द

इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करू नकोस. रोज कानावर पडतो तोच शब्द आधी पक्का कर. वडाळ्याला उभं राहून आपण किती वेळा 'हार्बर' म्हणतो! अर्थ बंदर, मुंबई लोकलची ही लाईन बंदराच्या कडेने जाते म्हणून तिचं हे नाव. देशातली पहिली विजेची गाडी 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदरहून कुर्ल्याला याच मार्गाने धावली.

पण मला हा शब्द आवडतो तो क्रियापद म्हणून. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता सैन्याचा निवारा, आणि तो आसरा अजून त्यात आहे. फरार आरोपीला घरात लपवणं म्हणजे त्याला हार्बर करणं. मनात अढी धरली तर 'हार्बर अ ग्रज'. इथे आपलं 'बाळगणे' किती चपखल बसतं बघ: राग, संशय, आशा, सगळंच बाळगता येतं. मात्र घरात मांजर बाळगलंस तर साध्या बोलण्यात 'कीप' म्हण.

भांडण मिटवताना 'आय डोन्ट हार्बर एनी ग्रज' म्हणून बघ. आजच वहीत लिहून ठेव.