नियमांच्या पुस्तकात जोक टाकायचे का?

प्रश्न: नमस्कार दादा, आम्ही चार मित्र मिळून मराठीत टेबलावर खेळायचा एक रोलप्लेइंग गेम (प्रत्येकाने एक पात्र बनून खेळायचा) लिहितोय, गावच्या जत्रेत चोरी करायला आलेल्या पण काहीच धड न जमणाऱ्या टोळीचा. गेम विनोदी आहे म्हणून नियमांच्या पुस्तकात पानोपानी जोक टाकलेत आणि लिहिताना आम्ही हसून हसून लोळलो, पण दुसऱ्या ग्रुपला खेळायला दिलं तर "अरे नक्की नियम काय आहे?" हे विचारायला त्यांचे एका संध्याकाळी चार फोन आले. जोक सगळे काढून टाकू का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: अजिबात काढू नका, फक्त त्यांची जागा बदला. नियमांचं पुस्तक माणूस दोन वेळा वाचतो, एकदा घरी निवांत चहा घेत आणि मग खेळ रंगात आलेला असताना घाईघाईत, आणि तुमचे जोक पहिल्या वाचनासाठी लिहिलेत, फोन मात्र दुसऱ्या वाचनातून आले. आमच्याकडे एकदा असंच झालं, एकाचं पात्र माडीवरून खालच्या बैलगाडीत उडी मारत होतं आणि मी पडण्याचा नियम शोधत होतो, तर तिथे आधी तीन ओळी गुरुत्वाकर्षणावर कोटी आणि चौथ्या ओळीत किती फासे टाकायचे ते. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी परत कोणीतरी पडलं, मी तोच परिच्छेद वाचायला घेतला आणि पाच जण हातात फासे धरून माझ्याकडे बघत होते, शेवटी एकजण म्हणाला, "आकडा सांग ना!"

म्हणून मला मनापासून वाटतं की हसवायचं काम नियमाने करावं, नियम सांगणाऱ्या वाक्याने नाही. १९८४ साली अमेरिकेत आलेला पॅरानोइया हा रोलप्लेइंग गेम बघा. अल्फा कॉम्प्लेक्स नावाचं बंदिस्त शहर, त्यावर एका कॉम्प्युटरचं राज्य, खेळाडूंचं काम गद्दार शोधणं, आणि प्रत्येक खेळाडू स्वतःच लपलेला म्युटंट (जन्मजात विचित्र शक्ती असलेला) आणि वर एखाद्या गुप्त संघटनेचा सभासद, म्हणजे गद्दारच. प्रत्येकाला स्वतःचे सहा क्लोन मिळतात, एक मेला की पुढचा हजर. आता "सहा क्लोन" ह्या दोन शब्दांत जोक कुठेय? कुठेच नाही, पण मरण इतकं स्वस्त झालं की लोक बिनधास्त वेडेपणा करायला लागतात आणि टेबल आपोआप हसतं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जीएमसाठीचे (म्हणजे खेळ चालवणाऱ्यासाठीचे) नियम खेळाडूला माहीत असणं हाच गद्दारीचा गुन्हा! दर ग्रुपमध्ये एकतरी जण असतो ना जो "पण पुस्तकात असं लिहिलंय" म्हणून अर्धा तास वाद घालतो, इथे त्याने तोंड उघडलं की त्याचाच क्लोन गेला. एरवी डोकं उठवणारी सवय इथे खेळाचाच भाग होते, ह्याला मी खरं डिझाइन म्हणतो.

त्याच वर्षीचा टून हा गेम घ्या, पॅरानोइया करणाऱ्यांपैकी ग्रेग कॉस्टिक्यान ह्यानेच केलेला. कार्टूनचा गेम असल्यामुळे त्यात कोणी मरतच नाही, हिट पॉइंट (पात्र किती मार सोसू शकतं त्याचा आकडा) संपले की नुसतं पडायचं, तीन मिनिटं बाहेर बसायचं आणि परत यायचं. झालं, संपला नियम, एका दमात सांगून होतो.

मग लिहिलेल्या जोकचं काय? त्यांना जिथे खेळताना कोणी आकडा शोधायला येत नाही तिथे ठेवा. डंजन्स अँड ड्रॅगन्स ह्या प्रसिद्ध रोलप्लेइंग गेमच्या २०१४ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, सुरुवातीच्या श्रेयनामावलीच्या पानावर बारीक अक्षरात एक सूचना आहे, की ग्रुप फोडून वेगवेगळं हिंडलात किंवा ड्रॅगनला चिडवलंत तर परिणामांना कंपनी जबाबदार नाही. त्याच गेमच्या २०१७ च्या झॅनाथारच्या पुस्तकात झॅनाथार नावाचा बिहोल्डर (अनेक डोळ्यांचा राक्षस) मध्ये मध्ये शेरे मारतो, पण ते नियमांपासून वेगळे छापलेत, नको असतील तर नजर सरळ पुढे जाते. आणि १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमधलं (हे ह्याच गेमचं, खेळ चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक) ते व्यंगचित्र, त्यात जादूगार आणि योद्धे टेबलाभोवती बसून आपल्यासारख्या कामगार-विद्यार्थ्यांच्या जगाचा गेम खेळतायत! जोक चित्रात राहिला, नियमाच्या वाक्याला धक्का नाही.

तुमच्याकडे तर मराठी आहे, तिचा फायदा घ्या. नियमाचं नावच असं ठेवा की ते खेळाडूंच्या तोंडात बसेल. एक पडला की "फजिती", सगळ्यांचा प्लॅन एकदम कोसळला की "टांगा पलटी". शब्द छोटा, अर्थ लगेच कळतो, आणि दहाव्यांदा फजिती झाली तरी ओरडायला मजा येते, लांबलचक कोटीचं तसं होत नाही. उरलेले जोक खेळाच्या नमुना संवादांत टाका, तिथे ते हवेतच, कारण किती वेडेपणा चालेल हे नवीन माणसाला तिथूनच कळतं. आणि पुन्हा टेस्टिंगला देताना तुमच्यातलं कोणी तिथे बसू नका, त्यांना सांगा की पडण्याचा नियम शोधून मोठ्याने वाचा, जिथे अडखळतील तिथे खूण करायची.

प्रश्न: मला विनोदी बोलायला जमत नाही, तरी असे गेम खेळू का? – एक वाचक, सांगली

उत्तर: नक्की खेळा, आणि सुरुवात ग्रँट हॉविटच्या हनी हाइस्टने करा. २०१७ चा एका पानाचा गेम आहे, तुम्ही मध चोरायला निघालेली अस्वलं, आकडे दोनच, अस्वलपणा आणि गुन्हेगारी, दोन्ही तीनपासून सुरू. गोष्टी बिघडल्या की अस्वलपणा वाढतो, सहावर गेला की तुमचं अस्वल भान हरपून नुसतं अस्वल होतं. फासा टाकून टोपीही मिळते. तुम्ही एकही जोक मारू नका, फक्त टोपी घातलेल्या अस्वलाला तो मध खरंच हवाय असं समजून खेळा.