आई-बाबा जूनमध्ये लीड्सला येताहेत, गाडी नाही, आईचे गुडघे दुखतात. एका दिवसात फाउंटन्स ॲबी आणि व्हिटबी ॲबी दोन्ही होतील का?

नाही होणार. ओढूनताणून केलंत तर एकही धड पाहून होणार नाही. दोन्ही पडके ख्रिस्ती मठ (ॲबी म्हणजे मठ), पण व्हिटबी पार समुद्रकाठी, फाउंटन्स रिपन गावाजवळच्या दरीत. त्यात आईंचे गुडघे दुखतात असं तुम्ही लिहिलंय. व्हिटबीला बस खाली बंदरापाशी सोडते आणि तिथून वर मठाकडे जायला १९९ पायऱ्या आहेत. ते पुढच्या खेपेला, कुणाची गाडी मिळाली तर. हा दिवस पुरता फाउंटन्सला द्या. मी लीड्सलाच राहते आणि भारतातून कुणी आलं की त्यांना हमखास इथे नेते, त्यामुळे माझी मतं जरा ठाम आहेत.

ट्रेनच्या नादी लागू नका. रिपनचं रेल्वे स्टेशन १९६७ मध्येच बंद झालं. लीड्सहून ३६ नंबरची बस हॅरोगेटमार्गे रिपनला जाते, दीडेक तास लागतो. दुमजली असते, बाबांना वरची पुढची सीट पकडू द्या. रिपनपासून ॲबी पाच-सहा किलोमीटर. तिथवर जाणारी बस आहे, पण ती रोज नसते. सरळ टॅक्सी करा आणि परतीची वेळही त्याच टॅक्सीवाल्याशी ठरवून टाका.

आता खरा मुद्दा: शिरायचं कुठून. काही न सांगता बसलात तर टॅक्सी व्हिजिटर सेंटरला नेऊन सोडेल. तिथून मठ खाली उतारावर आहे, म्हणजे पाय थकल्यावर नेमका चढ. टॅक्सीवाल्याला ‘स्टडली रॉयल’ सांगा, तळ्याकडचं दार. वाट हरणांच्या राखीव रानातून जाते. लांबलचक दुतर्फा झाडीत गाडी वर चढत असताना मागे वळून पाहिलं की त्या झाडीच्या टोकाला बरोब्बर रिपनचं कॅथीड्रल दिसतं. दाराशी चहाची टपरी म्हणावी असं टीरूम आहे. तिथून बागेतून, नदीकाठानं सपाट रस्त्यानं दीड-दोन किलोमीटर चालायचं, वाटेत बाकं आहेत.

या बाजूनं यायचं आणखी एक कारण आहे. ही बाग, तिच्यातले कालवे, चंद्राच्या आकाराची तळी, सगळं जॉन एझलबी यानं १८व्या शतकात आखलं. हा ब्रिटनचा अर्थमंत्री होता. साउथ सी या व्यापारी कंपनीच्या शेअरचा फुगा १७२० मध्ये फुटला, त्यात त्याचे हात बरबटलेले निघाले आणि पुढच्याच वर्षी संसदेतून हकालपट्टी झाली. मग गावी येऊन बागेत रमला. पडका मठ त्याला काही मिळाला नाही, तो १७६७ मध्ये मुलानं, विल्यमनं, विकत घेतला आणि बागेला जोडला. तेव्हापासून अख्ख्या बागेचा रोख मठाकडे आहे. नदीच्या शेवटच्या वळणाला तो समोर येतो, तोवर मागमूसही लागत नाही. व्हिजिटर सेंटरकडून आलात तर ही गंमतच जाते.

मठात जाण्याआधी आई-बाबांना थोडी गोष्ट सांगून ठेवा, नाहीतर दगड बघून कंटाळतील. ११३२ मध्ये यॉर्कच्या एका सुखवस्तू मठातले १३ साधू भांडून बाहेर पडले. त्यांचं म्हणणं, इथे नियम पाळले जात नाहीत. आर्चबिशप थर्स्टननं त्यांना ही ओसाड दरी दिली. पहिला हिवाळा त्यांनी एका झाडाच्या आडोशाला काढला अशी कथा आहे. पुढे ते सिस्टर्शियन या कडक नियमांच्या पंथात गेले आणि या विरक्त मंडळींचा मठ लोकरीच्या धंद्यावर इंग्लंडातल्या सर्वांत श्रीमंत मठांपैकी एक झाला. इटलीचे व्यापारी येऊन लोकर घ्यायचे. हाव इतकी वाढली की पुढच्या वर्षांची लोकर आगाऊ विकून, १३व्या शतकाच्या अखेरीस मठ चक्क कर्जात बुडाला!

बाबा विचारतीलच: छप्पर कुठे गेलं? इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीनं मठ बंद करायला लावले, इथली पाळी १५३९ मध्ये आली. छपरावरचं शिसं आणि खिडक्यांच्या काचा उतरवल्या गेल्या. शिसं निघाल्यावर उरलेलं काम पावसानं केलं. जवळच्या फाउंटन्स हॉल या हवेलीलाही मठाचेच दगड लागलेत.

वेळ कमी पडला तरी सेलेरियम चुकवू नका. पश्चिमेकडचा ९० मीटरहून लांब कमानींचा दालनपट्टा, वर छत शाबूत. मधोमध खांबांची एकच रांग, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावरून कमानींच्या फासळ्या थेट फुटतात, मध्ये नक्षीची उतरंड नाही. अर्ध्या भागात कष्टकरी बंधूंचं जेवणघर, बाकीच्यात कोठार. मंत्र म्हणणारे साधू वेगळे आणि मेंढ्या-शेती सांभाळणारे हे बंधू वेगळे. त्यांचं झोपणं, जेवणं, देवळात उभं राहणंसुद्धा वेगळं. माझ्या आईनं हे ऐकून फक्त ‘म्हणजे इथेही तेच’ एवढंच म्हटलं होतं.

तिथून शेकोटीच्या खोलीत जा. माणूस आत उभा राहील एवढं धुराडं आहे. तिच्या वरच्या खोलीत कागदपत्रं ठेवत, ऊब मिळून ती कोरडी राहावीत म्हणून. दुपारनंतर गेलात तर पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवर ऊन असतं, फोटो तेव्हा काढा.

तिकीट नॅशनल ट्रस्टचं, ही जुन्या वास्तू सांभाळणारी संस्था. त्यांचं किंवा तशाच इंग्लिश हेरिटेज या संस्थेचं सभासदत्व असेल तर लागत नाही. वेळा त्यांच्या साइटवर बघून घ्या. डबा न्यायला हरकत नाही, गवतावर बसून खाता येतं. जून असला तरी छत्री आणि स्वेटर घ्याच. परतीची टॅक्सी हॉलजवळच्या वेस्ट गेटला येऊ शकेल का हे आईंच्या गुडघ्यांचं सांगून आधी फोनवर विचारा, म्हणजे चढ टळेल.

रिपनला लवकर पोचलात तर कॅथीड्रलचं तळघर बघा, ते ७व्या शतकातलं आहे. पायऱ्या अरुंद आहेत, आईंनी वरच बसलेलं बरं. रोज रात्री नऊला बाजारचौकात शिंग फुंकतात. त्यासाठी थांबणार असाल तर शेवटच्या ३६ ची वेळ सकाळीच बघून ठेवा.